अपडेट कधी घ्यायचं, हे कोण ठरवणार?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक झाल्यापासून हेच काम करतोय, म्हणजे तसा मी अपडेट पाठवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. आज मात्र बोलायचंय ते ज्यांच्या अंगावर अपडेट येऊन आदळतं त्यांच्याबद्दल, आणि त्यातही डिझाइन, डीटीपी करणाऱ्यांबद्दल. आपला फोन अपडेट झाला आणि एखाद्या बटणाची जागा बदलली, तर आपण दोन दिवस कुरकुरतो नि विसरतो. ज्याला संध्याकाळपर्यंत प्लेट काढून मशीनवर चढवायची असते, त्याला कुरकुरायलाही वेळ नसतो.

आधी एक जगजाहीर प्रकरण. नोव्हेंबर 2022 च्या सुमारास फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन या अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनच्या बहुतेक रंगांच्या याद्या निघून गेल्या. छपाईवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पँटोनचा रंग म्हणजे ठरलेल्या नंबरची शाई. तो नंबर दिला की मुंबईत छापा नाहीतर जर्मनीत, रंग तोच यायला हवा. दोन कंपन्यांमधला परवान्याचा व्यवहार बदलला आणि लोकांनी आपल्या जुन्या फायली उघडल्या, तर त्या रंगांच्या जागी चक्क काळं. रंग परत हवे असतील तर पँटोनचं वेगळं सदस्यत्व घ्या, तेव्हा महिन्याला साधारण 15 डॉलर. म्हणजे बघा, फाइल तुमची, काम तुमचं, कॉम्प्युटर तुमचा. आणि त्यातला रंग मात्र भाड्याचा होता, हे रंग गेल्यावर कळलं.

लगेच जानेवारी 2023 पासून त्याच कंपनीने टाइप वन फॉन्ट चालवणं बंद केलं. हे फॉन्ट 1984 पासूनचे, खुद्द अ‍ॅडोबीचंच अपत्य. पण ते निदान दोन वर्षं आधी सांगून झालं. सांगून येणारं संकट आणि रात्रीत येणारं संकट यात फार फरक आहे, आणि हा फरक मी घरातच पाहिलाय.

माझा मावसभाऊ सातारा जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी छपाईचं दुकान चालवतो. दोन कॉम्प्युटर, एक जुनं ऑफसेट मशीन, वहिनी प्रुफं वाचते. एप्रिल महिना, ऐन लग्नसराई. दादा ज्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका करतो त्याचं नाव सांगत नाही, नावाने फरक पडत नाही. रात्री त्याने स्वतःहून नवी आवृत्ती घेतली, जुनी काढून टाकली आणि सगळ्या सेटिंग मूळपदावर नेल्या. सकाळी दादाने फाइल उघडली तर वरवर सगळं जागच्या जागी. गणपती आहे, नक्षी आहे, सोनेरी किनार आहे. प्रूफ वहिनीच्या हातात गेलं आणि ती म्हणाली, "अहो, हे 'चरिंजीव' काय लिहिलंय?"

'चिरंजीव'चं 'चरिंजीव' झालं होतं. 'विवाह'ची पहिली वेलांटी दुसऱ्या व ला चिकटली होती. 'शक्ती'तला क पाय मोडून एकटा उभा. यामागचं कारण समजून घ्यायला सोपं आहे. आपण युनिकोडमध्ये 'चि' लिहितो तेव्हा कॉम्प्युटरच्या पोटात आधी च असतो आणि मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना वेलांटीला उडी मारून च च्या आधी यावं लागतं. इंग्रजीत अशी उडी कुठल्याच अक्षराला मारावी लागत नाही. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ही उडी मारून देणारा भाग सेटिंगमधल्या एका पर्यायामागे असतो. तो आपण एकदा चालू करतो आणि विसरून जातो. सेटिंग मूळपदावर गेल्या की तोही जातो, कारण या सॉफ्टवेअरचं मूळपद म्हणजे इंग्रजी.

दादाचा फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, माझी वेलांटी कुठे गेली?"

मी ऑफिसमधून त्याचा पडदा उघडून बसलो. तो पर्याय सापडायला पाऊण तास गेला, कारण नव्या आवृत्तीत त्याचं नावही बदललं होतं आणि जागाही. सापडल्यावरसुद्धा आधीच्या फायलींमधली प्रत्येक मजकुराची चौकट वेगवेगळी निवडून बदलावी लागली. अक्षरांची रुंदी बदलल्यामुळे ओळी सरकल्या, निमंत्रकांची नावं कार्यालयाच्या पत्त्यावर चढली. त्या दिवशी तीन पत्रिका प्लेटला जाऊ शकल्या नाहीत. त्यातलं एक कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली पत्रिका घेऊन जेजुरीला निघणार होतं. आता त्यांना 'सर्व्हर', 'व्हर्जन' काय सांगणार? दादाने रंगीत प्रिंट काढून, हाताने घडी घालून दिली. खंडोबापुढे तीच ठेवली गेली. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. दादाला मात्र ते लागलं. मला म्हणाला, "बदल करू नका असं मी म्हणत नाही रे. पण मला विचारलं का कुणी?"

अनेकांना वाटतं की इंजिनिअर निष्काळजी असतात. तसं सरसकट नसतं. आमच्या क्षेत्रात हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात. त्याचा मथितार्थ असा, की वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून असतं, मग ते वागणं तुम्ही कागदोपत्री कबूल केलेलं असो वा नसो. त्यामुळे काहीही बदललं तरी कुणाचं तरी काही मोडणार. प्रश्न इतकाच की कुणाचं मोडलेलं कंपनीला दिसतं. चाचणी इंग्रजी मजकुरावर झाली तर वेलांटी पडलेली दिसणारच नाही. आणि कुठला पर्याय किती जण वापरतात याचे आकडे पाहून निर्णय होतात, तेव्हा तालुक्याच्या गावचं दुकान त्या आलेखात टाचणीएवढंही उमटत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवे बदल एकाच पुडक्यात बांधून येतात. पहिली नाकारणं धोक्याचं, म्हणून दुसरंही मुकाट घ्यायचं. हे वेगळं ठेवता येत नाही असं नाही. डेबियन ही लिनक्सची प्रणाली घ्या. तिच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येत राहतात, नवी नवलाई पुढच्या आवृत्तीसाठी थांबते. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांचा तर दंडकच आहे: आमच्या बदलामुळे वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडला, तर चूक आमची. 'तुम्ही चुकीचं वापरत होतात' हे उत्तर तिथे चालत नाही.

टोकाचं उदाहरण डोनाल्ड कनूथ यांचं. 1977 मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून ते इतके वैतागले, की अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला बसले. त्याचं नाव टेक. पुढे 1990 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता यात नवं काही येणार नाही, फक्त दोष दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक पायच्या एकेका अंकाने लांबतो. 2021 मध्ये तो 3.141592653 वर पोचला.

हे ऐकून इंजिनिअर लोक हळवे होतात. मीही होतो. पण मराठी माणूस म्हणून मला तिथे अडखळायला होतं. कारण त्या गोठवलेल्या टेकमध्ये तुम्ही युनिकोड देवनागरी थेट टाइप करून छापू शकत नाही. त्यासाठी इतरांना 2004 मध्ये झीटेक काढावं लागलं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, तरी पुढे कितीतरी वर्षं डीटीपीवाले इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टवर काम करत राहिले, कारण त्यांच्या हातातल्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर कळत नव्हतं. ते कळायला लागलं ते अपडेटमुळेच. तेव्हा जे आहे तेच राहू द्या म्हणणं आपल्याला परवडणारं नाही. आपल्याला अपडेट इतरांपेक्षा जास्त लागतात, आणि आपल्यासाठी ते तपासले मात्र सगळ्यात कमी जातात.

म्हणून तुम्ही डिझाइन करत असाल तर दोन कामं करा. हंगामात आपोआप अपडेट होणं बंद ठेवा, आणि चालू आवृत्ती काढून न टाकता शेजारी नवी बसवता येते का ते पाहा. दुसरं, मराठी तपासायचं एक पान बनवा. त्यात चिरंजीव, शक्ती, ज्ञानेश्वर, श्री, विठ्ठल, क्लृप्ती हे शब्द घाला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी घालाच, कारण तिथला र बिघडला की गुरुजींचं निमंत्रण स्वयंपाक्याला जातं. रुपयाचं चिन्ह आणि मराठी आकडेही घाला. सगळं नीट चालू असताना ते छापून ठेवा. अपडेटनंतर तेच पान पुन्हा छापा आणि दोन्ही एकावर एक धरून उजेडाकडे पाहा.

काही सरकलेलं दिसलं तर कंपनीला कळवताना दोन्ही पानांचे फोटो जोडा. नुसतं 'मराठी नीट दिसत नाही' असं लिहू नका. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला बहुतेक वेळा मराठी वाचता येत नाही. पण वेलांटी च च्या डावीकडे होती आणि आता उजवीकडे गेलीय, हे चित्रात त्यालाही दिसतं.