श्रीमंत राष्ट्रांच्या औषधपाण्याचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या अभ्यासवर्गाची पत्रिका हाती आली तेव्हा माझ्या नावापुढे ‘आरोग्यसेवेचे राष्ट्रीयीकरण’ असा विषय छापलेला होता. मी संयोजकांना म्हटले, निष्कर्ष आधी छापायचा आणि पुरावा मागाहून गोळा करायचा ही वकिलाची रीत झाली. आपण आधी हिशेब मांडू. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवल्याने जडलेली ही खोड आहे, ती आपण सांभाळून घ्यावी.

हिशेब मांडायचा तर सर्वांत खर्चिक घरापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेने २०२३ साली आरोग्यावर सुमारे ४ लाख ९० हजार कोटी डॉलर खर्च केले. हा खर्च माणशी साडेचौदा हजार डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा १७.६ इतका होतो. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन, जपान ही राष्ट्रेही काही दरिद्री नव्हेत. पण त्यांचा खर्च शेकडा अकरा-बाराच्या घरात राहतो. मग जादा पैशाच्या मोबदल्यात अमेरिकन नागरिकाच्या पदरात काय पडते? २०२३ साली तेथील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपानचे ८४ च्या आसपास आहे. अमेरिकेत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी पाच-सहा पहिला वाढदिवस पाहत नाहीत; जपानमध्ये हे प्रमाण दोनाच्या आत आहे. बाळंतपणाशी निगडित मृत्यू अमेरिकेत २०२३ साली लाख जन्मांमागे १८.६ होते, गोऱ्या स्त्रियांत १४.५ आणि काळ्या स्त्रियांत ५०.३. शिवाय त्याच वर्षी अडीच कोटींहून अधिक माणसांजवळ कोणताही विमा नव्हता.

येथे कोणी शंका काढील की, आयुर्मानाचा सारा दोष दवाखान्यांच्या माथी का मारता? शंका रास्त आहे. २०२१ ते २०२३ ह्या तिन्ही वर्षांत अमेरिकेत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने दरवर्षी लाखाहून अधिक माणसे दगावली. बंदुका, मोटारी आणि स्थूलता हे बळी निराळेच. ते कोणत्याही शल्यविशारदाच्या हातात नसतात. उलट काही कर्करोगांवरील उपचारांत अमेरिका अग्रेसर आहे, हेही मान्य केले पाहिजे. विरोधकाच्या देशातील चांगली गोष्ट झाकून ठेवली की आपला युक्तिवाद बळकट होतो, असे समजणारे साथी आपल्यात आहेत. तो गैरसमज आहे.

पण ही शंका मान्य करूनही खर्चाचे कोडे सुटत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिका, पश्चिम जर्मनी आणि स्वीडन ह्यांच्या आरोग्यखर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे शेकडा आठ-नऊच्या दरम्यान होते. अमेरिका आणि पश्चिम जर्मनी ह्यांच्या आयुर्मानातही फारसे अंतर नव्हते. त्यानंतर अमेरिकेच्या खर्चाची रेषा वर निघून गेली आणि आयुर्मानाची रेषा मागे पडली. अमेरिकन लोक डॉक्टरकडे अधिक जातात म्हणून असे झाले काय? तसे म्हणावे तर जपानी किंवा जर्मन माणूस वर्षातून त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा डॉक्टरची पायरी चढतो, आणि खाटाही त्या देशांत लोकसंख्येच्या मानाने जास्त आहेत. जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली आकडे मांडून जे दाखवले ते असे की, फरक सेवेच्या मापात नसून तिच्या भावात आहे. तीच शस्त्रक्रिया, तीच गोळी, तीच तपासणी, पण किंमत दुप्पट-तिप्पट.

दुसरे कारण कारकुनीचे. हिमेलस्टीन आणि वूलहँडलर ह्या वैद्यक-अभ्यासकांनी २०१७ सालचा जो हिशेब मांडला, त्यानुसार अमेरिकेच्या आरोग्यखर्चातील शेकडा ३४ हिस्सा प्रशासनात जातो, तर कॅनडात शेकडा १७. रुग्णालयात एक कारकून बिल तयार करण्यासाठी बसतो, विमा कंपनीत दुसरा ते नाकारण्यासाठी बसतो, आणि दोघांचाही पगार शेवटी आजाऱ्याच्या हप्त्यातून निघतो.

बाजारावर श्रद्धा असणारे म्हणतात की, स्पर्धा वाढवा, भाव उतरतील. केनेथ ॲरो हा काही समाजवादी प्रचारक नव्हे. त्याने १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखात हे का घडत नाही ह्याची मीमांसा केली. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, आणि उपचार कोणता हवा हे विकणाराच ठरवतो. छातीत कळ आलेला माणूस चार दुकाने फिरून भाव करीत नाही. बटाट्याच्या बाजाराचे नियम येथे लावणे हा अर्थशास्त्राचा अडाणीपणा आहे, पांडित्य नव्हे.

मग भाव कोणी करायचा? ह्या प्रश्नावर कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताची कथा मला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण ती आपल्यासारख्याच एका पक्षाची कथा आहे. गव्हाच्या शेतीवर जगणारा हा विरळ वस्तीचा प्रांत. तेथील काही गावांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच पट्टी काढून पगारी डॉक्टर नेमण्याची प्रथा पाडली होती. १९४४ साली तेथे टॉमी डग्लस ह्यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार आले. लहानपणी डग्लस ह्यांच्या पायाचे हाड सडत चालले होते. घरची गरिबी, पाय जायचाच. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. मुलाचा पाय वाचणे हे कोणाच्या मेहेरबानीवर का अवलंबून असावे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. १९४७ साली त्यांनी सर्वांसाठी रुग्णालय-विमा आणला. डॉक्टरांच्या सेवेचा विमा यायला मात्र १ जुलै १९६२ उजाडावा लागला, आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टर संपावर गेले. ब्रिटनमधून डॉक्टर आणून सरकारने तग धरला. तेवीस दिवसांनी समझोता झाला.

त्या समझोत्यातील अटी पाहण्यासारख्या आहेत. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखाना त्यांचा, प्रत्येक सेवेचे शुल्कही त्यांना मिळणार. फक्त ते शुल्क देणारा एकच, सरकार. कडव्या साथींना तेव्हा ही माघार वाटली असणार. पण दहा वर्षांत, १९७२ पर्यंत, सर्व प्रांतांनी ही पद्धती स्वीकारली. पुढे डॉक्टर रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ लागले, तेव्हा १९८४ च्या कायद्याने तशी सूट देणाऱ्या प्रांतांचे केंद्रीय अनुदान कापण्याची तरतूद झाली. औषधे आणि दातांचे उपचार मात्र दीर्घकाळ योजनेबाहेर राहिले, आणि कॅनडातील रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी ताटकळावे लागते ही तक्रार खोटी नाही.

जपानमध्ये तर बहुसंख्य रुग्णालये खाजगीच आहेत. १९६१ पासून प्रत्येक नागरिक कोणत्या ना कोणत्या विम्यात आहे, आणि सेवांचे दरपत्रक देशभर एकच. दर दोन वर्षांनी ते नव्याने ठरते. २००२ साली सरकारने एमआरआय तपासणीचे दर चांगलेच उतरवले. तरीही लोकसंख्येच्या मानाने ही यंत्रे जपानइतकी क्वचितच कुठे असतील. जर्मनीची पद्धती १८८३ ची, बिस्मार्कची. समाजवाद्यांवर बंदी घालून त्यांचाच कार्यक्रम पळवण्याची ती चाल होती. तेथील आजारपण-निधी आजही अनेक आहेत, पण वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असते, प्रकृतीच्या नव्हे.

राहता राहिले ब्रिटन, आपल्या सर्वांचे लाडके उदाहरण. ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन ह्यांनी रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची केली. दाराशी पैसे न मागणारी सेवा इतक्या मोठ्या राष्ट्रात उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवले. आणि कवळ्या-चष्म्यांवर शुल्क बसताच १९५१ साली मंत्रिपद सोडले. आज त्या सेवेची अवस्था काय आहे? इंग्लंडमध्ये प्रतीक्षायादीवरील प्रकरणांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट २०१६ पासून गाठले गेलेले नाही. मालकी राष्ट्राचीच होती. पण २०१० नंतरच्या सरकारांनी तिजोरीची मूठ आवळली आणि सेवा खंगली. राष्ट्रीयीकरण म्हणजे एकदा सही केली की कायमचा मिळणारा प्रसाद, असे मानणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांसमोर ठेवावी.

म्हणून पत्रिकेवरील शब्दाला माझा आक्षेप होता. ह्या राष्ट्रांत मालकीच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. सारख्या आहेत त्या दोन गोष्टी: सर्व माणसे सक्तीने एका छत्राखाली आहेत, आणि भाव सार्वजनिक सत्तेच्या साक्षीने ठरतो. अमेरिकेत ह्या दोन्ही नाहीत. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेला औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करण्यास २००३ च्या कायद्याने चक्क मनाई होती. ती २०२२ च्या कायद्याने काही औषधांपुरती उठली. दुसऱ्या महायुद्धात वेतनगोठवणूक असताना मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. संघटित कामगार त्या छत्राखाली गेले, आणि म्हातारे, बेकार, शेतमजूर बाहेर राहिले. १९४५ साली ट्रूमन ह्यांनी सर्वांसाठी विम्याची योजना मांडली तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने ती हाणून पाडली, हे खरे. पण ज्यांचे भागले होते त्यांची धग कमी झाली होती, असे मला वाटते. कामगार संघटनांत काम करणाऱ्या साथींनी ह्यावर विचार करावा.

आपल्याकडे २०२१-२२ च्या राष्ट्रीय हिशेबानुसार आरोग्यखर्चापैकी शेकडा ३९.४ रुग्णाच्या खिशातून थेट जातो. केंद्राची २०१८ ची विमायोजना काय किंवा आपल्या राज्याची महात्मा फुले योजना काय, त्यांत ठरावीक उपचारांचे दर सरकार ठरवते, ही गोष्ट चांगली आहे. पण खाजगी रुग्णालयाला योजनेत यायचे की नाही ह्याची मोकळीक आहे, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या बहुतांशी खिशातूनच येतात. जपानी रुग्णालयाला दरपत्रकाबाहेर राहून फारसा धंदाच करता येत नाही. आपल्याकडे उलट दरपत्रकाबाहेरचा धंदाच मोठा आहे. कार्डे वाटण्याच्या शिबिरांत आपले कार्यकर्ते राबतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सर्व नोंदणीकृत रुग्णालयांना दरपत्रक बंधनकारक करा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात मला शोधूनही सापडली नाही. तीवर आता चर्चा व्हावी. रुग्णालयाच्या बिलासाठी रात्री-अपरात्री काउंटरवर भांडलेले साथी येथे बसले आहेत, त्यांनी आधी बोलावे.