लपविण्यासारखे काही नसले तरी...



गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे जन्मलेल्या या संतपुरुषाच्या जीवनात लपविण्यासारखे काय होते? ना संपत्ती, ना सत्तापद, ना कोणते कारस्थान. आज संगणक आणि भ्रमणध्वनीवरील सरकारी पाळतीचा विषय निघाला की सुशिक्षित घरांतूनही एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ज्याला लपवायचे काही नाही, त्याला भय कसले?’ या वाक्याची परीक्षा विनोबांच्याच चरित्रात होऊन गेली आहे.

२५ जून १९७५ रोजी देशावर आणीबाणी लादली गेली. विनोबांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा सरकारने प्रचारासाठी मुक्तहस्ते उपयोग केला. मात्र पुढच्याच वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपवासाचा संकल्प सोडला आणि तो छापणाऱ्या पवनार आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचा अंक पोलिसांनी जप्त केला. ज्यांचा शब्द सरकारला प्रिय होता, त्यांचाच पुढचा शब्द सरकारला असह्य झाला. आक्षेपार्ह काय, हे पाळत ठेवणाराच ठरवितो आणि त्याचे निकष रातोरात बदलतात. मिसाबंदींची पत्रे तपासूनच घरी पोहोचत. ज्या कुटुंबांनी ते दिवस काढले, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

याचा अर्थ पाळत नकोच, असा मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पाकिस्तानातील सूत्रधारांशी इंटरनेटच्या माध्यमातून दूरध्वनीवर बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ते संभाषण टिपले, म्हणूनच सीमेपलीकडचा हात जगासमोर आला. राष्ट्राच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेला कान हवेतच. प्रश्न एवढाच की, ते कान कोणाच्या अनुमतीने, किती काळ आणि कोणाला उत्तरदायी राहून ऐकणार?

इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्याने हा अधिकार सरकारला दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली : गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, कमाल सहा महिने आणि आढावा समिती. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. संगणकीय माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. परंतु आदेश देणारे सचिव आणि त्याचा आढावा घेणारेही सचिवच! ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या अशा आदेशाला न्यायिक आयुक्ताची संमती लागते. तेथील सुरक्षा त्यामुळे दुबळी झाली, असे कोणी म्हणत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. आणीबाणीत बंदिवानांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या १९७६ च्या बहुमताच्या निकालात न्या. यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ मध्ये लिहिणारे त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड. कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच हस्तक्षेप, हे निकष या निर्णयाने घालून दिले.

२०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने निष्काळजी कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, हे स्वागतार्हच आहे. परकीय कंपन्यांनी भारतीयांची माहिती विकून गब्बर व्हावे, हे स्वाभिमानी राष्ट्र सहन करणार नाही. मात्र त्याच कायद्यानुसार केंद्र सरकार स्वतःच्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून वगळू शकते. अशी सवलत अपवादात्मकच असावी आणि तिची कारणे संसदेपुढे यावीत.

पाळतीच्या प्रत्येक आदेशाला न्यायिक संमती आणि अशा आदेशांची वार्षिक संख्या संसदेच्या पटलावर, एवढ्या दोन मागण्या प्रत्येक राष्ट्रभक्त नागरिकाने कराव्यात. सरकार आपल्या विचाराचे असो वा नसो, मागणी तीच राहिली पाहिजे. सत्ता येते आणि जाते. तिला दिलेला अधिकार मात्र पुढच्या सत्ताधीशाच्या हाती आयता पडतो.