मोळी कुणाच्या डोक्यावर?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय लहान पोरांच्या गोष्टींचा. मागं बसलेले दोघंतिघं हसले, ते मी पाहिलं. त्यांना वाटलं, आता चिऊ-काऊ सुरू होणार. हसू नका. माणसाच्या डोक्यात जात, भीती, लाचारी घुसते ती कॉलेजात नाही. ती दुसरी-तिसरीच्या पुस्तकातनंच घुसते. म्हणून पोरांची पुस्तकं हा आपल्या लढ्याचा विषय आहे.

मी सहावीत असताना निबंध दिला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. आमची झोपडी नाल्याच्या काठाला. मी पाहिलं ते लिहिलं. रात्री पाणी आत शिरलं, आईनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला, बापानं बहिणीला खांद्यावर बसवलं, सकाळपर्यंत आम्ही सगळे उभे. मास्तरांनी लाल रेघ ओढली. म्हणाले, "यात निसर्गाचं वर्णन कुठाय?" मग फळ्यावर हिरवा शालू, इंद्रधनुष्य, नाचणारा मोर लिहून दिला. आम्ही मोर पाठ केला. आमच्या वस्तीत मोर कधी आला नाही, पाणी मात्र दरसाल आलं.

आता कुणी म्हणेल, खऱ्या आयुष्यावरनं लिहा म्हणजे झालं. नाही दोस्तांनो, नुसतं खरं पुरत नाही. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात स्वतःच्या बालपणावरनं ते लिहिलं. त्यात एक म्हातारी महारीण आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडलीय आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात एवढं करणंही सोपं नव्हतं, हे मान्य. याच गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तेही आपण विसरत नाही. पण गोष्ट कुणाची? श्यामची. म्हातारी मोळी घेऊन निघून जाते. त्या मोळीवर तिच्या घरात काय शिजलं, श्यामच्या आंघोळीबद्दल तिला काय वाटलं, याची गोष्टीला गरजच पडत नाही. श्यामला चांगला माणूस करायच्या कामी ती आली आणि संपली.

आता दुसरी मोळी बघा, बंगालमधली. महाश्वेता देवींचं 'द व्हाय-व्हाय गर्ल' हे मुलांचं पुस्तक चेन्नईच्या तुलिका प्रकाशनानं 2003 साली काढलं. लेखिका गोष्टीत स्वतः आहे. पुरुलिया जिल्ह्यातल्या शबर आदिवासींमध्ये तिनं वर्षानुवर्षं काम केलं, त्यातनं ही गोष्ट आली. मोयना दहा वर्षांची शबर पोरगी. बाप कामाच्या शोधात जमशेदपूरला गेलेला, आई पायानं अधू, भाऊ जंगलातनं सरपण आणतो, ही बाबू लोकांच्या शेळ्या राखते. म्हणजे इथं मोळीवाल्याच्या घरातली पोरगीच गोष्टीची मालकीण आहे.

आणि ही पोरगी गप्प बसत नाही. पाणी आणायला एवढं लांब का जायचं? आपण पानांच्या झोपडीत का राहायचं? दोन वेळा भात का नाही? बाबूंचं उरलेलं मी का खायचं? त्याच दमात ती आकाशातल्या ताऱ्यांबद्दलही विचारते. निसर्ग तिला देखावा म्हणून भेटत नाही. नदी म्हणजे तिच्या पायाखालचं अंतर, जंगल म्हणजे चुलीतलं लाकूड. तरीही तारे बघायचा हक्क तिनं सोडलेला नाही.

शाळा सकाळची आणि शेळ्याही सकाळच्या. दुसरं पुस्तक असतं तर पोरगी पहाटे चारला उठून, कष्ट करून पहिला नंबर काढती. मोयना उलटं विचारते, शाळेची वेळ का बदलत नाही? दोस्तांनो, सगळी क्रांती त्या एका प्रश्नात आहे. गोष्टीच्या शेवटी ती मोठी होऊन तिथंच शिकवायला लागते.

शबर म्हणजे कोण, हेही ऐका. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. शबर त्याच शिक्क्याखाली आले. आपले पारधी, कैकाडी, उचल्या त्याच शिक्क्याखालचे. 1952 साली शिक्का कागदावरनं पुसला, पोलिसांच्या डोक्यातनं नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये पुरुलियात बुधन शबर कोठडीत मेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. अशा जमातीतल्या पोरीनं 'का' विचारणं म्हणजे लाडिक बडबड नव्हे.

तुमच्यातला कुणी विचारेल, पण लिहिणारी बाई तर शहरातल्या लेखकाच्या घरातली? सवाल रास्त आहे. बाईंनी स्वतःपुरतं उत्तर दिलं. 1980 पासून त्यांनी 'बर्तिका' नावाचं नियतकालिक शेतमजूर, कामगार, आदिवासी यांच्या हातात दिलं. त्याच सुमाराला एका रिक्षावाल्यानं रिक्षात बसलेल्या बाईला एका शब्दाचा अर्थ विचारला, 'जिजीविषा'. बाई म्हणजे महाश्वेता देवी. अर्थ सांगून त्या म्हणाल्या, माझ्या अंकासाठी लिही. तो रिक्षावाला म्हणजे मनोरंजन ब्यापारी. जातीनं नमशूद्र, अक्षरं शिकला तुरुंगात. आज तो बंगालीतला नावाजलेला लेखक आहे. मोयनाची गोष्ट दुसऱ्या कुणी लिहिली. यानं आपली आपण लिहिली.

तेव्हा काम सांगतो आणि बसतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका पोराचा एक 'का' लिहून आणायचा. नळाला पाणी रात्री दोनलाच का येतं, चालेल. समोरच्या सोसायटीतल्या झाडाखाली खेळू का देत नाहीत, चालेल. पोरानं स्वतः लिहिलं तर उत्तम. त्याची भाषा दुरुस्त करू नका. आणि लाल पेन घरी ठेवून या.