पाठीतली गाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. उखाण्यापलीकडे चारचौघींत कधी तोंड उघडलेले नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्यावर गुदरलं तेवढंच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

२०२० च्या दिवाळीत माझी पाठ दुखू लागली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. फराळाचे श्रम, दुसरे काय! सासूबाईंनी शेक दिला, शेजारणीने तेल आणून दिले. पण कामाने दुखणारी पाठ आडवे झाले की उतरते. माझी आडवे झाले की जास्तच दुखे. रात्री दोन वाजता उठून मी भिंतीला टेकून बसायची, तेव्हा कुठे बरे वाटे. ही पहिली खूण होती. दीड वर्ष ती मला कळली नाही.

पुढे छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे होऊ लागले. अंग सुटले असे समजून मी दोन पोलक्यांच्या शिवणी उसवल्या! हसा, मीही आता हसते. मग डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडू लागली आणि मला पत्ता नसे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जाई, मोरीची भिंत धरावी लागे. एकदा पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली, तर सकाळी घोट्यावर मोठा फोड. भाजले ते कळलेच नव्हते. तरीही मी पापड लाटायला बसलेच.

गावातल्या डॉक्टरांनी वय झाले, वाकून काम कमी करा, असे सांगून कमरेचा फोटो काढला. तो चांगला आला. त्यात हाडे दिसतात, मणक्यांच्या आतला मज्जारज्जू दिसत नाही, हे मला कुठले ठाऊक? मग कमरेचा एमआरआय झाला, तोही चांगला. पाय लटपटत होते म्हणून सगळे कमरेशीच शोधत होते. नळाला पाणी नाही म्हणून आपण नळ खोलत बसावे आणि खोट वरच्या टाकीपाशी असावी, तसे झाले.

शेवटी यांनी मला पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर ओरखडा काढला, आणि पायापासून टाचणी टोचत वर वर आले. छातीच्या खालपर्यंत टोचणे बोथट, त्याच्या वर एकदम लख्ख! मग त्यांनी विचारले, "लघवीला काही त्रास?" हे शेजारीच बसले होते. मी म्हटले, "नाही."

भगिनींनो, ते खोटे होते. महिनाभर मला लघवीला फार वेळ बसावे लागत होते, कधी उठण्याआधीच कपडे भिजत. घरात कोणालाच सांगितले नव्हते. एक तरुण परिचारिका मला पडद्याआड घेऊन गेली आणि तिने पुन्हा विचारले. तेव्हा रडत सांगितले. त्याच दिवशी सबंध पाठीचा एमआरआय झाला. छातीच्या मागच्या मणक्यांत सुपारीएवढी गाठ मज्जारज्जूला दाबून बसली होती.

एप्रिल २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची निघाली नाही. मज्जारज्जूच्या वेष्टणातून वाढणारी, बायकांत जास्त आढळणारी ती जात. डॉक्टरांनी सांगितले की अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८८७ साली लंडनला हॉर्स्ली नावाच्या सर्जनने केली, आणि ज्याचे पाय गेले होते तो गृहस्थ पुन्हा चालू लागला. मीही तीन महिने काठी घेऊन चालले, आता काठी सुटली आहे. पण डाव्या तळव्याखाली अजून गादी असल्यासारखे वाटते. दबलेला मज्जारज्जू मोकळा झाला तरी सगळे परत येतेच असे नाही. किती उशीर झाला त्यावर बरेच असते.

आज घरी जाऊन कोणी आपल्या पाठीला घाबरू नका. अशा गाठी क्वचितच होतात, बहुतेक पाठी साध्याच कारणाने दुखतात. पण रात्री वाढणारे दुखणे, पायात जडपणा, बधिरपणा, तोल जाणे, यांतले काही जोडीला आले तर मलमावर थांबू नका. जिला पूर्वी स्तनाचा किंवा दुसरा कर्करोग झाला आहे तिने तर नव्या पाठदुखीची गोष्ट लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण तो मणक्यांत उतरू शकतो. आणि लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातले बळ जाऊ लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. सोमवारची वाट पाहू नये.

आता हळदीकुंकू आहे. मी मागे पाण्याच्या माठाजवळ बसते. कोणाला चारचौघींत विचारायला संकोच वाटत असेल तिने तिकडे यावे. तिथे पुरुषमाणूस कोणी नाही.