नंबर जातो, डोळा तोच राहतो

लेझरने चष्मा घालवायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती मशीनची: ब्लेडवालं की बिनब्लेडचं, आणि खर्च किती? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यावा. यंत्राची कुवत केव्हाच सिद्ध झाली आहे. 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने मेजवानीतून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेझर मारून पाहिला, तेव्हाच कळलं की हा किरण कापतो, पण भाजत नाही. प्रश्न आहे तो किरण ज्या डोळ्यावर मारायचा, त्या डोळ्याचा. मोतीबिंदूत धोका पत्करावा लागतो, कारण शस्त्रक्रियेवाचून दिसणारच नाही. इथे मात्र धडधाकट डोळ्याला हात लावायचा आहे, आणि नाही लावला तर नुकसान काय, तर चष्मा राहील. म्हणून डोळा पात्र आहे हे आधी ठरलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर रुसून दुसरा दवाखाना गाठू नये.

हिशेब पाहा. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मधोमध साधारण 500 ते 550 मायक्रॉन जाड असते. जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत तिचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खालचा थर, ढोबळमानाने एका नंबरामागे 14 मायक्रॉन, झिजवतात. काच 500 ची आणि नंबर उणे चार असेल, तर पापुद्र्याखाली 334 उरतात. नंबर उणे आठ असेल, तर 278. किमान 250 हा जुना दंडक. आज पुष्कळ सर्जन 300 च्या खाली जायला कचरतात. तेव्हा एकाच मशीनवर एकाला होकार आणि शेजारच्याला नकार, यात पक्षपात नाही. शिवाय जाडी भरली तरी आकार बिघडलेला असू शकतो. केराटोकोनस या विकारात काच पातळ होत शंकूसारखी पुढे येते. तो बहुधा ऐन किशोरवयात सुरू होतो आणि सुरुवातीला फक्त कॉर्नियाच्या नकाशात, टोपोग्राफीत, दिसतो. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलामुलींत तो आवर्जून शोधावा, आणि आपल्याकडच्या धुळीत अशी मुलं थोडी नाहीत. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर काच आणखी फुगते. कॉन्टॅक्ट लेन्सनेही आकार तात्पुरता बदलतो. म्हणून मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवूनच तपासणी करावी.

कुणी म्हणेल, लाखो लोकांनी करून घेतलं, सुखी आहेत, तुम्ही उगाच घाबरवता. ते सुखी आहेत हे खरंच. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या पुढाकाराने नौदलातल्या आणि नागरी रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यात 95 टक्क्यांहून अधिक लोक समाधानी निघाले. रोजच्या कामात फार अडचण आलेले 1 टक्क्याहूनही कमी. पण त्याच अभ्यासात, आधी दृष्टीची कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांनी तीन महिन्यांनी एखादी तरी नवी तक्रार सांगितली: दिव्याभोवती वलय, चकाकी, किरणं फुटणं. समाधान आणि तक्रार एकत्र नांदतात. ऑफिसात बसणाऱ्याला वलयाचं काही वाटणार नाही. रात्री दौलताबादच्या घाटातून खुलताबादला गाडी चढवणाऱ्याला, समोरून हेडलाइट आल्यावर, ते वाटेल. डोळ्यांच्या कोरडेपणाचंही तसंच. पुष्कळांत तो काही महिन्यांत ओसरतो, पण मुळातच कोरडे डोळे असतील तर आधी त्यांवर उपचार व्हावेत. ‘मुलीचं लग्न ठरायचंय, लवकर उरका’ हा आग्रह तर मला मुळीच पटत नाही. वय 18 च्या पुढे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर, ही अट मुहूर्त पाहून शिथिल होत नाही.

भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला बिनचष्म्याची उत्तम दृष्टी लागते. म्हणून कुणी लेझर करून घेतो आणि नेमका त्यामुळेच बाद होतो, कारण लॅसिक केलेला उमेदवार त्या पदाला चालत नाही. सैन्यदलांत शाखेप्रमाणे नियम वेगळे. जाहिरातीतलं वैद्यकीय निकषांचं पान आधी वाचावं, पैसे मग भरावेत.

मायनस नंबरचा डोळा बहुधा लांबट असतो, आणि लेझरने तो आखूड होत नाही. त्याच्या पडद्याला असलेला धोका कायम राहतो. म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आधीही हवी, नंतरही. चाळिशीही कुणाला चुकत नाही. उलट उणे दोनचा माणूस चष्मा काढून पेपर वाचू शकला असता, ती सोय जाते. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना झिजवलेली काच नेहमीचं गणित चुकवते. तेव्हाच्या डॉक्टरला शस्त्रक्रियेआधीची मापं मिळाली तर काम सोपं होतं. तेव्हा दवाखान्यातून निघताना जुना नंबर, टोपोग्राफी आणि जाडीचे कागद मागून घ्या, आणि घराच्या खरेदीखताशेजारी ठेवा. ते 30 वर्षांनी लागतील, आणि तो दवाखाना तोवर असेलच असं नाही.