कायद्यानें मुक्त, ऋणानें बद्ध

(सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या वाडवडिलांचें स्तवन करावें, केळी आणि पानवेली यांच्या उत्पन्नांतून पै-पैसा बाजूला काढून त्यांनीं हें मंदिर व ही शाळा कशी उभारली तें सांगावें, अशी आपली अपेक्षा असेल. तें काम माझ्यापेक्षां वडीलधारी मंडळी अधिक चांगलें करतील. मला आज आपणांपुढें एक कबुली द्यावयाची आहे आणि तिच्या मागोमाग एक मागणी करावयाची आहे.

मागील वर्षीं प्रवेशाच्या दिवसांत एक आदिवासी भगिनी माझ्या कार्यालयांत आली. आपल्यापैकीं कित्येकांच्या वाड्यांत ती मजुरीस येते. आपल्या मुलीला तिला आपल्या विनाअनुदान इंग्रजी शाळेंत घालावयाचें होतें. खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठीं शेंकडा 25 जागा मोफत असतात, असें कोणी तरी तिला सांगितलें होतें. मी तिला समजाविलें कीं, आपली शाळा अल्पसंख्याकांची असल्यामुळें तो कायदा तिला लागू नाहीं. तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "फादर, कायदा गरिबांचा आहे म्हणतात. मग चर्चच्या शाळेला तो कां नाहीं?" मी दिलेलें उत्तर कायद्याच्या दृष्टीनें बिनचूक होतें. ती मुलीचा हात धरून निघून गेली, आणि त्या दिवशीं सायंकाळच्या प्रार्थनेंत माझें चित्त लागेना.

तिचा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं. या देशांत सरकारी पैसा कोणाच्या शिक्षणासाठीं खर्च व्हावा, हा वाद फार जुना आहे. 1854 सालीं चार्ल्स वुड यांच्या खलित्यानें खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धति घालून दिली आणि मिशनच्या शाळांनाही तिचा आधार मिळाला. पुढें 1882 सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना महात्मा जोतीराव फुले यांनीं तक्रार मांडली कीं, रयतेच्या सारापट्टीचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि रयतेचीं मुलें मात्र अडाणी राहतात. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते, हें आपण ध्यानांत ठेवावें.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं 1911 सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक वरिष्ठ कायदेमंडळांत आणिलें. पैसा कोठून आणावयाचा, हाच तेव्हांही एक मोठा आक्षेप होता. 1912 च्या मार्च महिन्यांत 13 विरुद्ध 38 मतांनीं तें विधेयक फेटाळलें गेलें. तथापि जें कलकत्त्याच्या कायदेमंडळास जमलें नाहीं, तें शाहू छत्रपतींनीं आपल्या करवीर संस्थानांत 1917 सालीं हुकूम काढून सुरू केलें. इच्छा असली म्हणजे खजिन्याला वाट सांपडते, हा त्यांतील धडा होय.

1950 सालीं राज्यघटना अंमलांत आली. तिच्या 45 व्या अनुच्छेदानें दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें सांगितलें; परंतु तो मूलभूत हक्क व्हावयास 2002 सालची घटनादुरुस्ती आणि 2009 सालचा कायदा यावा लागला. 1 एप्रिल 2010 पासून तो कायदा लागू झाला. विनाअनुदान खासगी शाळांनीं आपल्या पहिल्या वर्गांत निदान शेंकडा 25 जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस द्याव्या, आणि सरकारनें आपल्या शाळांतील दर मुलामागील खर्च किंवा त्या शाळेची फी, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती भरून द्यावी, असें त्यांत ठरलें.

याच राज्यघटनेच्या 30 व्या अनुच्छेदानें आपल्यासारख्या अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क किती मोलाचा आहे, हें केरळमधील शिक्षणविधेयकावरून 1957 सालीं जो वाद उठला त्यांत आपल्या लोकांनीं अनुभविलें. 1958 सालीं त्या विधेयकावर मत देतांना सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क उचलून धरिला, आणि त्याच वेळीं बजाविलें कीं, संस्था चालविण्याच्या हक्कांत ती वाईट रीतीनें चालविण्याचा हक्क येत नाहीं. पुढें 2014 सालीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें अल्पसंख्याकांच्या सर्व शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदान, 2009 च्या कायद्यांतून मुक्त केलें. 1 सप्टेंबर 2025 रोजीं दोन न्यायमूर्तींच्या पीठानें त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढें ठेविला.

न्यायालयाचें काम न्यायालय करील. माझा प्रश्न आपणां स्वतःस आहे. ही मुक्ति आपणांस कशासाठीं मिळाली? आपली श्रद्धा, आपली शिस्त आणि आपली परंपरा मुलांपर्यंत पोहोंचावी, यासाठीं ती मिळाली. ज्या शाळेच्या दारावर क्रूस आहे, त्या शाळेंत मजुराच्या मुलीस बसावयास बांक नसेल, तर त्या मुक्तीचा उपयोग आपण कशासाठीं केला, याचा हिशेब एके दिवशीं आपणांस द्यावा लागेल.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतींत संदिग्ध नाहीं. सेमिनरींत असतांना आम्हीं पोप अकरावे पायस यांचें 1929 सालचें शिक्षणावरील परिपत्रक अभ्यासिलें. कुटुंब, ख्रिस्तसभा आणि राज्य या तिघांचे शिक्षणांतील हक्क त्यांत विशद केले आहेत, आणि आमचें तरुण मन त्यांतील आपल्या हक्कांवरच विशेष जडलें. 1965 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें काढिलेल्या घोषणापत्रांत मात्र, जे धनानें दरिद्री आहेत, जे कुटुंबाच्या मायेला पारखे आहेत आणि जे आपल्या श्रद्धेचे नाहींत, त्यांची काळजी कॅथलिक शाळांनीं विशेषत्वानें वाहावी, असें सांगितलें आहे. हा विचार परिषदेनें नव्यानें शोधून काढिला असेंही नाहीं. संत जोसेफ कालासान्स यांनीं 1597 सालीं रोम शहरांत गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा उघडिली, तेव्हां कोणत्याही सरकारचा कायदा त्यांच्या मागें उभा नव्हता.

आतां आपले आक्षेप मी ऐकलेले आहेत. ते टाळून पुढें जाणें योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा कीं, एकदां असें दार उघडलें म्हणजे सरकारचा हात आंत शिरेल. माझें म्हणणें असें कीं, स्वखुशीनें दिलेल्या दानानें हक्क नाहींसा होत नाहीं. आपल्या संस्थेंत कोणास घ्यावयाचें हें आपण ठरवावें, हेंच तर त्या हक्काचें मर्म आहे. मग आपण तें उदारपणानें ठरवूं या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गरिबांस शिकविणें हें सरकारचें काम. त्यांचीं मुलें आपण घेतलीं म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडतील. या भीतींत तथ्य आहे. परंतु सरकारी शाळा जवळ आहे म्हणून गरिबास दुसरें दार बंद करणें, हा त्यावर उपाय नव्हे. 9 फेब्रुवारी 2024 रोजीं आपल्या राज्य सरकारनें, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला शेंकडा 25 च्या बंधनांतून वगळलें होतें. मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलैंत ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तो निर्णय कायम ठेविला. आपणांस दोन्ही कामें करावयास हवींत. पाड्यावरची शाळा नीट चालावी म्हणून ग्रामसभेंत तोंड उघडणें, हेंही आपलें काम आहे. तेथें आपलीं मुलें नाहींत म्हणून तिचें छप्पर गळतें कीं नाहीं हें आपण विचारीत नाहीं. ही उदासीनता आपणांस शोभत नाहीं.

तिसरा आक्षेप पैशाचा. आणि तो खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. विनाअनुदान शाळेंत शिक्षकांचा पगार फीमधूनच द्यावा लागतो. म्हणून मी हिशेब मांडतों. 40 मुलांच्या वर्गांत पहिल्या वर्षीं 10 न घेतां 5 जागा मोफत ठेवूं या. हा सारा भार उरलेल्या 35 पालकांवर टाकला, तर प्रत्येकाची फी सातव्या हिश्श्यानें वाढेल. निम्मा भार धर्मग्रामानें उचलला, तर ही वाढ चौदाव्या हिश्श्यावर येईल. सणाचा बँड, फटाके आणि मांडवाची रोषणाई यांवर आपण जें खर्च करतों, त्यांत थोडी काटकसर केली तर हा निम्मा भार उचलणें आपणांस जड जाणार नाहीं. त्या पांच जागांत आपल्याच धर्मग्रामांतील गरीब कुटुंबांचीं मुलेंही येतील. त्यांचाही संकोच मला ठाऊक आहे.

आणखी दोन गोष्टी. फी माफ केली पण गणवेश, पुस्तकें आणि सहलीची वर्गणी मागितली, तर तें मूल सहलीच्या दिवशीं घरीं बसेल आणि वर्गाला तें कळेल. म्हणून ह्या खर्चाची तरतूद प्रथमच करावी, आणि मोफत मूल कोणतें हें मुख्याध्यापिका सिस्टर व मी यांच्याशिवाय कोणास कळूं नये. तसेंच, पालकांस इंग्रजी येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जी मुलाखत आपण घेतों, ती येत्या वर्षापासून बंद करावी. तिचा दोष माझ्याकडे आहे. ती मीच चालूं दिली.

जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें महोत्सवाचें वर्ष सांगितलें आहे. त्या वर्षीं गुलामास मुक्ति मिळे आणि विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई. म्हणजे महोत्सव हा मूळचा ऋणमोचनाचा काळ होय. आपल्या वाडवडिलांपैकीं कित्येकांस स्वतःची सही करतां येत नव्हती. तरी त्यांनीं शाळेसाठीं पैसा दिला. त्यांचें ऋण त्यांस परत करतां येणार नाहीं; तें पुढच्या दाराशीं उभ्या असलेल्या मुलासच द्यावें लागेल.

त्या भगिनीच्या घरीं मी गेल्या महिन्यांत जाऊन आलों. तिची मुलगी सध्यां पाड्यावरच्या शाळेंत जाते आणि तेथें ती सुखानें शिकत असेल तर तिनें तेथेंच शिकावें. पण तिच्या आईच्या प्रश्नाला माझ्याकडून एक उत्तर यावयाचें राहिलें आहे, आणि तें मी एकटा देऊं शकत नाहीं. येत्या रविवारीं मिस्सानंतर शाळा समितीची सभा आहे. तेथें हा ठराव मी मांडणार आहें. आपण यावें, विरोध असेल तर स्पष्ट बोलावा, आणि संमति असेल तर हात वर करावा.

ज्यांना परतफेड करतां येत नाहीं अशांस आपल्या मेजवानीस बोलवावयास ज्यानें शिकविलें, तो प्रभु येशू ख्रिस्त आपल्या शाळेस व आपल्या घरांस आशीर्वाद देवो.