परसदारीचे गाणारे पक्षी
(पक्षी सप्ताहानिमित्त एका सार्वजनिक वाचनालयात दिलेले भाषण)



५ नोव्हेंबर हा दिवंगत मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. गाणाऱ्या पक्ष्यांविषयी बोलण्यास हा महिना खरे म्हणजे सोयीचा नाही. आपल्या परसातील बहुतेक गवई या दिवसांत मौन धरून असतात. परंतु चैत्रात पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या दयाळाचे गाणे ऐकावयाचे असेल, तर त्याची तयारी आताच करावी लागते. म्हणून आजचा विषय अगदीच अवेळी आहे असे मला वाटत नाही.

प्रथम ओळख. पक्षी दिसला की त्याचा रंग पाहण्याची आपणास घाई होते आणि तेथेच फसगत होते. आधी आकार पाहावा. चिमणी, साळुंकी आणि कावळा ही तीन मापे प्रत्येकाच्या डोळ्यांत असतातच. त्यांच्याशी तुलना करावी. मग शेपटी कशी धरली आहे, चोच कशी आहे, पक्षी जमिनीवर उतरतो की फांदीवरच राहतो, हे पाहावे. रंग सर्वांत शेवटी. सालीम अलींचा पक्षिशास्त्राशी संबंध आला तोही अशाच एका प्रश्नातून. १९०८ च्या सुमारास त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्याखाली पिवळा डाग निघाला. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढचा इतिहास आपणास ठाऊक आहेच.

आपल्या परसातील खरा गायक म्हणजे दयाळ. साळुंकीहून लहान. नर वरून चकचकीत काळा, पोट पांढरे आणि पंखावर पांढरा पट्टा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग असतो. शेपटी बहुधा उभारलेली. वसंतात उजाडण्यापूर्वीच नर विजेच्या खांबावर किंवा छपराच्या टोकावर बसून गाऊ लागतो आणि मध्येच इतर पक्ष्यांची नक्कलही करतो. कोरड्या, उघड्या माळाशेजारी आपले घर असेल तर असाच काळा, पण पोट पांढरे नसलेला आणि शेपटीखाली तांबूस असलेला पक्षी दिसेल. तो चीरक.

बुलबुल सर्वांच्या परिचयाचा. देशावर लालबुड्या बुलबुल अधिक दिसतो. त्याचे डोके काळे आणि शेपटीखाली लाल ठिपका असतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत टोकदार तुऱ्याचा, पांढऱ्या गालाचा शिपाई बुलबुल भेटतो. चिमणीहून लहान, हिरवट पाठीचा, तांबूस टोपीचा आणि एवढ्याशा देहाला न शोभणारा मोठा आवाज काढणारा तो शिंपी. कापूस, कोळ्याचे जाळे आणि झाडांचे तंतू वापरून तो पान शिवतो आणि त्यात घरटे करतो. जास्वंदीच्या फुलाशी वाकड्या, बारीक चोचीने धडपडणारा तो शिंजीर. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या काळात उन्हात निळाजांभळा चमकतो. विणीनंतर मात्र तो बराचसा मादीसारखा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटावर एक काळसर रेघ राहते. आपल्या बागेत ती रेघ या आठवड्यात अवश्य शोधावी.

येथे एक जुना गैरसमज दूर करतो. ‘कुहू’ असा सूर लावते ती कोकिळा नव्हे, तर काळाभोर नर कोकिळ. मादी ठिपकेदार असते आणि तिचा आवाज किरकिरा असतो. आपल्या कवींनी हे मान्य केलेले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता हे पक्षी आपल्या अंगणात यावेत यासाठी काय करावे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : दाणे टाकावेत. दाण्यांवर चिमण्या येतील आणि त्याहून अधिक कबुतरे येतील. दयाळ आणि शिंपी धान्याच्या वाटेला जात नाहीत. त्यांना किडे लागतात. बुलबूल फळे खातो, शिंजीर मध पितो, तरी त्यांची पिल्लेही मोठ्या प्रमाणात किडे, अळ्या आणि कोळी यांवरच वाढतात.

हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु कळले ते वेगळ्या प्रकारे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या वसाहतीत पाहुणे येणार म्हणून मी माझ्या अंगणातील मेंदीचे कुंपण छाटून घेतले. आत बुलबुलाचे घरटे होते. माळ्याने हाक मारली तेव्हा दोन पिल्ले जमिनीवर पडलेली होती आणि ती वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशीही ती जोडी चोचीत हिरवी अळी घेऊन त्या उघड्या पडलेल्या जागेवर येत होती. पाहुणे दहा मिनिटे थांबले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणेही येते, हे मी त्यानंतर वाचले. लोकांना कायदे समजावून सांगणे हा माझा व्यवसाय आहे.

बुलबुलाची अंडी घातल्यापासून पिल्ले घरट्याबाहेर पडेपर्यंत फार तर महिनाभर लागतो. तेवढे थांबता येते. माझे कुंपण आता मी डिसेंबरात छाटतो, आणि तेही आत हात घालून पाहिल्यावर.

म्हणून माझी पहिली सूचना काही करण्याची नसून न करण्याची आहे. फुलझाडांवर ऊठसूट कीटकनाशक फवारू नये. झाडाखालचा पालापाचोळा एका कोपऱ्यात तरी राहू द्यावा, दयाळ तो उलथून किडे शोधतो. बागेचा एक भाग थोडा दाट, थोडा अव्यवस्थित असावा. जागा असेल तर पुढील पावसाळ्यात जास्वंद, अडुळसा, तुती, कढीलिंब लावावा. कढीलिंबाची पिकलेली काळी फळे बुलबूल आणि कोकिळ आवडीने खातात. उंबरासाठी जागा असलेला गृहस्थ भाग्यवान म्हणावयाचा.

पाणी मात्र आजच ठेवावे. मातीचे पसरट, खडबडीत परळ घ्यावे. पाणी दोन इंचांहून खोल नसावे आणि मध्ये एक दगड असावा. ते रोज ओतून, घासून, पुन्हा भरावे, अन्यथा आठवड्याभरात त्यात डास तयार होतात. परळ झुडपापासून सहा-सात फूट अंतरावर ठेवावे. त्याहून जवळ ठेवल्यास मांजराला दबा धरता येतो, आणि फार दूर ठेवल्यास पक्ष्याला आसरा उरत नाही.

लाकडी खोक्यात चिमणी घरटे करते. त्याचे भोक सुमारे साडेतीन सेंटिमीटरचे असावे. दयाळही ढोलीत राहणारा असल्याने कधी कधी खोके स्वीकारतो. त्याला भोक याहून मोठे लागते आणि मग साळुंकीही त्यावर हक्क सांगते. खोके सावलीत टांगावे आणि वारंवार उघडून पाहू नये.

आवाजावरून पक्षी ओळखणारी साधने आता भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु ध्वनिमुद्रित गाणे वाजवून दयाळाला बोलावू नये. तो प्रतिस्पर्धी आला असे समजून धावून येतो आणि विणीच्या दिवसांत पिल्लांना भरवावयाचे सोडून आपल्या यंत्राशी भांडत बसतो.

शेवटी, आताच एका भगिनींनी चिठ्ठी पाठवून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. पिसे आलेले, पण नीट उडता न येणारे पिल्लू अंगणात सापडल्यास ते घरात आणू नये. बहुधा ते घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले असते आणि आईबाप जवळच असतात. त्याला लगतच्या झुडपातील फांदीवर ठेवावे, आपण दूर व्हावे आणि तासभर मांजराला घरात कोंडावे. पिल्लाला हात लागला म्हणून पक्षी त्याला टाकून देतात, ही समजूत खरी नाही.